दाखल-खारीज

यंदा शिमग्याला गावी गेलो तो पालखी नाचवायला नव्हे, एका कागदासाठी. पुतण्याचं जात पडताळणीचं प्रकरण त्रुटीत निघालं होतं. आम्ही कुणबी, ओबीसी. वैधता हवी तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आमच्या घराण्यातल्या माणसांचं नाव त्या तारखेआधी कागदावर आलं ते दोनच ठिकाणी. एक तलाठ्याकडे, दुसरं शाळेत. तलाठ्याकडच्या कागदात आमच्या नावापुढे जातीचा पत्ता नाही. शाळेत मात्र नाव घालतानाच जात लिहून घ्यायचे. म्हणून आजोबांचा जनरल रजिस्टरमधला उतारा.

गाव लांजा तालुक्यात. वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर शाळा, खाली तीन वाड्या. शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई यांच्या वर्गणीतून’. तिच्या खाली देणगीदारांची नावं, कुणी ५१ रुपये, कुणी १०१. माझ्या वडिलांचे ५१ आहेत. ते तेव्हा गिरणीत बदली कामगार होते, म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहून काम मिळालं तर मिळालं. त्यातून ५१ रुपये कसे काढले असतील देव जाणे.

ऑफिसच्या दारात पटाचा फळा. मुलगे ६, मुली ५, एकूण ११. पहिली ते पाचवी मिळून.

मुख्याध्यापिका मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. शाळा दोन शिक्षकांची, पण दुसरं पद रिकामं, त्यामुळे मुख्याध्यापिका त्याच, वर्गशिक्षिकाही त्याच, आणि शिपाई नसल्यामुळे कुलूप उघडणाऱ्याही त्याच. मी कशासाठी आलो ते सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं. “उतारा ना दादा? बसा. कपाट उघडते. किती सालचा?”

मी म्हटलं, १९३८च्या आसपासचा असेल.

त्यांनी लाल कापडी बांधणीचं एक बाड काढलं, धूळ झटकली आणि माझ्यासमोर ठेवलं. “तुम्हीच शोधा. मला पाचवीचं गणित घ्यायचंय.”

अशा तऱ्हेने माझ्या गावाची सगळी माणसं एका दुपारी माझ्या हातात आली.

जनरल रजिस्टर कधी पाहिलं नसेल तर सांगतो. आडवं पान, अनुक्रमांक, मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली. त्याआधीची पानं लोकल बोर्डाच्या काळातली, टाक बुडवून लिहिलेली. जन्मतारखेच्या रकान्यात पाहावं तर सगळा गाव १ जूनला जन्मलेला. गुरुजींनी पोराचे दात बघून साल ठरवायचं आणि शाळा सुरू होण्याच्या हिशोबाने तारीख. माझ्या आजोबांचाही वाढदिवस १ जूनच.

ते सापडले. बिगरीत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, दाखल १९३८, सोडलं १९४२. प्रगती ‘बरी’. वर्तणूक ‘चांगली’. सोडण्याचं कारण: ‘मुंबईस गेला’.

म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षी. खानावळीत ताटं उचलायला, मग गिरणीत. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण गुरुजींच्या वळणदार अक्षरात ते दोन शब्द वाचताना मी जरा थांबलो. आणि मग सहज पुढची नावं पाहिली. मुंबईस गेला. मुंबईस गेला. मयत. मुंबईस गेला. मुलींच्या नावापुढे ‘घरकाम’ किंवा ‘लग्न झाले’. एका पानावर पंचवीस ओळी, त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळींचा शेवट त्याच दोन शब्दांत. खेड्याची अर्थव्यवस्था समजायला लोक जमीन किती, पीक काय, पाऊस किती हे विचारतात. आमच्याकडे पाऊस ढीग आहे, जमीन सातबाऱ्यावर चाळीस नावांची सामाईक आहे आणि भात-नाचणी चार-सहा महिने पुरायची. बाकीचे महिने या रकान्यावर चालायचे.

गंमत म्हणजे तो पैसा परत यायचा तोही शाळेतच. गावचं टपाल शाळेत आणि पोस्टमास्तर म्हणजे गुरुजीच, ही कोकणातल्या कितीतरी गावांतली जुनी व्यवस्था. ज्याला ‘मुंबईस गेला’ म्हणून त्यांनी खारीज केला, त्याचीच मनीऑर्डर वर्षभरात त्यांच्याच टेबलावर येऊन पडायची. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी खुशालीला जागा असायची. आजीला वाचता येत नव्हतं. गुरुजी वाचून दाखवायचे, अंगठा घ्यायचे, पैसे मोजून द्यायचे. कुणाच्या घरी किती येतात, कुणाचे थांबले, हे त्या एका माणसाला ठाऊक. टपालखात्याची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि कागदी फॉर्मची ती जुनी पद्धत २०१५ साली बंद झाली. आमच्या घरात तेव्हा कुणाला त्याची बातमीसुद्धा लागली नाही, पैसे कधीच बँकेत यायला लागले होते. खुशालीच्या दोन ओळी मात्र बंद झाल्या.

त्या पैशावर गाव चाललं, पण माणसं नाही राहिली. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजार ६९ भरली. महाराष्ट्र वाढत होता, देश वाढत होता आणि आमच्यातली ८१ हजारांवर माणसं कमी झाली. शेजारच्या सिंधुदुर्गातही घटच. दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत ११२२ बायका. हा आकडा ऐकून मुंबईतल्या एका कार्यक्रमात वक्ते म्हणाले होते, पाहा, कोकणात स्त्रीचा किती सन्मान! मला हसू आवरेना. अहो, बाप्ये तुमच्याकडे आहेत म्हणून तो आकडा आहे.

तरी या रजिस्टरात एक वर्ष उलटं वाहिलेलं आहे. जून १९८२. त्याच्या आधीच्या पानावर वर्षाला चौदा-पंधरा नवी नावं. या एका जूनमध्ये एकतीस. जन्मस्थळ लालबाग, परळ, डिलाईल रोड, शिवडी. पूर्वीची शाळा: महानगरपालिका, मुंबई. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता, अडीच लाख कामगार बाहेर. चार महिने वाट पाहून लोकांनी बायका-पोरं गावी पाठवली, कारण गावात निदान भात होता आणि घरभाडं नव्हतं. पोरं दुसरीत, तिसरीत, सहावीत, जिथे होती तिथे येऊन बसली. वर्गात जागा पुरेना म्हणून पडवीत सारवून घेऊन चौथी बसवली होती.

त्या एकतीस नावांत एक माझं.

इयत्ता दुसरी. जन्मस्थळ लालबाग. मला त्या दिवसातलं एवढंच आठवतं की मी ‘आई’ म्हणालो आणि सगळा वर्ग हसला, कारण तिथे ‘आवस’ म्हणत. मी ‘बाबा’ म्हणालो, परत हसले. दिवाळीपर्यंत मी ‘आवस-बापूस’ म्हणायला लागलो आणि मग मे महिन्यात मुंबईला गेल्यावर चाळीतली पोरं हसली. असो.

संप कधी मिटला हे आजही कुणाला नीट सांगता येत नाही, कारण तो मिटलाच नाही, विरला. त्या एकतिसातले बरेच जण गावातच वाढले आणि मग पुन्हा त्याच रकान्यात गेले. फक्त शब्द बदलले. १९४२ साली ‘मुंबईस गेला’ होतं, १९८८ साली ‘पुढील शिक्षणासाठी’. मुक्कामही बदलला. आजोबा लालबागेत गावकीच्या खोलीत राहिले, जिथे वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपत. मी ठाण्याजवळच्या दिव्यात वन बीएचके घेतला. गिरणी राहिली नव्हती. मी एका कुरिअर कंपनीत लागलो.

मग २००० नंतरची पानं. इथे कारणाच्या रकान्यात तिसरा शब्द येतो आणि त्याने मला सर्वांत जास्त विचारात टाकलं. ‘लांजा’. कुठे ‘रत्नागिरी’, कुठे ‘पाली’. इयत्ता पहिली, दुसरी. म्हणजे सात वर्षांचं मूल तालुक्याला गेलं. नोकरीला अर्थातच नव्हे, इंग्रजी माध्यमाला. बाप मुंबईत किंवा एखाद्या एमआयडीसीत, आई तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचं बिऱ्हाड करून पोराला घेऊन राहते, आणि गावातल्या घराला कुलूप. आजी-आजोबा असले तर तेवढं दार उघडं. पूर्वी गाव पोरं वाढवून, चार इयत्ता शिकवून मुंबईला द्यायचं. आता वाढवायलाही ती इथे राहत नाहीत. आणि पैसा? बापाने पाठवलेला पैसा गावाच्या दुकानात येतच नाही. तालुक्यातल्या घरमालकाकडे, क्लासवाल्याकडे आणि स्कूल व्हॅनवाल्याकडे तो मधल्यामध्ये मुरतो. आमच्या वाडीतलं किराणा दुकान बंद झालं ते याच काळात. लोक म्हणतात मॉलने खाल्लं. आमच्याकडे मॉल कुठे आहे?

हे मी टीका म्हणून लिहीत नाही. माझी दोन्ही मुलं दिव्यात इंग्रजी शाळेत गेली. पाटीवर वडिलांचे ५१ रुपये आहेत आणि नातवंडांपैकी एकाचंही नाव या बाडात नाही.

पाचवीचं गणित संपवून मॅडम आल्या. मी विचारलं, अकरा पट म्हणजे शाळा टिकेल का?

“अकरा आज आहेत,” त्या म्हणाल्या. “तीस सप्टेंबरला सहा होते.”

शाळेतलं कुणी घरी नसेल तर या तारखेचं महत्त्व कळणार नाही. किती शिक्षक द्यायचे ही संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. त्या दिवशी वर्गात जेवढी मुलं, तेवढी सरकारच्या लेखी खरी. त्यातही आधार जुळलेली पाहिजेत. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची कल्पना २०२३ साली पुढे आली, तोरणमाळ आणि पानशेतचे दाखले देऊन. राज्यात अशा शाळा १४ हजारांहून जास्त. त्यांतल्या पुष्कळ आमच्यासारख्या डोंगर-वाड्यांच्या, जिथे ‘जवळची शाळा’ म्हणजे मध्ये ओढा, आमचा वहाळ, आणि वहाळ म्हणजे जून ते सप्टेंबर बंद रस्ता. पण तो विषय मोठा आहे; तो आत्ता नको.

“मग सप्टेंबरनंतर पाच आली कुठून?”

मॅडमनी खिडकीतून बोट दाखवलं. सड्याच्या उतारावर हापूसची बाग. “ती तिथली तीन. आणि दोन चिऱ्याच्या खाणीवरची.”

१९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीला पैसे मिळायला लागले आणि आमच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनींवर, नुसत्या कातळावरसुद्धा, सुरुंग लावून खड्डे काढून कलमं लागली. ती कलमं आता भरात आहेत. पण राखायला माणूस नाही. म्हणून बागा कराराने दिल्या जातात, आणि करार घेणारा फवारणीला, माकडं हाकायला, झेल्याने आंबा उतरवायला आणि रात्रीची राखण करायला नेपाळमधली माणसं आणतो. त्यांना सरसकट ‘गुरखे’ म्हणतात, मग ती कुठल्याही जातीची असोत. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ती येतात, पाऊस सुरू व्हायच्या आत जातात. काही कुटुंबं बारा महिने बागेतल्या खोलीवरच राहतात. जांभा चिऱ्याच्या खाणींवर कर्नाटकातली. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरीची माती, रत्नागिरीची हवा असं सगळं त्यात आलं. मोहोर राखणारे हात कुठले, हा रकाना त्या अर्जात नसणार.

मॅडम हसत म्हणाल्या, “आमच्याकडं बरोब्बर उलटं आहे बघा. तीस सप्टेंबरला वर्गात बसायला जागा नसते. दसरा झाला की ऊसतोडीला कोयते निघाले, अन् दिवाळीनंतर निम्मी शाळा रिकामी. आईबापानं मुकादमाकडून उचल घेतलेली असती. लेकरं कारखान्यावर, फडात. काही गावात हंगामी वसतिगृह असतं म्हणून थोडी राहतात. तिथं पट मोठा अन् मुलं नाहीत. इथं मुलं आहेत अन् पट नाही.”

त्या स्वतः ऊसतोड कामगाराच्या घरातल्या. आजीजवळ राहून शिकल्या. सांगताना आवाजात काही विशेष नव्हतं. कपाटातल्या फाइली लावत लावत सांगत होत्या.

मग मला तिसरीतला एक पोरगा दाखवला. त्याच्या नावापुढे जन्मस्थळ ‘कैलाली, नेपाळ’. पूर्वीची शाळा: रेघ. वयानुरूप वर्ग द्यायचा, दाखला नाही म्हणून अडवायचं नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे, म्हणून त्याला प्रवेश मिळाला. आधार नाही, म्हणून संगणकात तो अर्धवट. शिक्षण त्याला मिळतं, पण त्याच्यामुळे शाळेला शिक्षक मिळत नाही.

“वाचायला एका महिन्यात शिकला,” मॅडम म्हणाल्या. “त्यांची लिपी आपलीच की. फक्त ‘ळ’ नाही त्यांच्यात. फळा म्हणायचं तर ‘फला’. शाळेला ‘शाला’. खाणीवरच्या पोरी त्याला चिडवतात, कानडीत ळ आहे ना.”

मी त्याला फळ्यावर काहीतरी लिही म्हटलं. त्याने स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली ‘नेपाल’. मॅडमनी ‘ल’च्या खाली बोट ठेवलं. तो म्हणाला, “बाई, गावाचं नाव आहे. तसंच असतं.” मॅडमनी बोट काढलं.

तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. स्वयंपाक माझी धाकटी काकी करते. पोषण आहाराची मदतनीस, महिन्याच्या मानधनावर. प्राथमिकला डोई शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे आज एक किलो शंभर ग्रॅमची खिचडी. काकी वजनकाटा घेऊन बसते; शेजारी स्वतःच्या परसातली चवळीची शेंग. वाडीतल्या रोख उत्पन्नाचा मी मनाशी हिशोब करत होतो: चार-पाच घरांत मुलांनी पाठवलेले पैसे, एका घरी बेस्टचं पेन्शन, लाडक्या बहिणीचे दीड हजार, म्हाताऱ्यांचं श्रावणबाळ, एप्रिल-मेमध्ये काजूची बी, बागेचा करार. आणि गावात काम करून गावातच मिळणारा नियमित पैसा म्हणाल तर अंगणवाडी, आशाताई आणि ही खिचडी. शाळा गेली तर काकीचं काम जाईल. मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, “माझं सोड. ह्या पोरांना दुपारचं कोण घालील? आवस त्यांची पाच वाजल्याशिवाय बागेतून हालत नाय.”

एका कानडी मुलीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. काकीने तिच्याशी कानडीत दोन शब्द बोलून दाखवले आणि माझ्याकडे पाहिलं. सत्तरीतल्या बाईला अभिमान वाटावा असंच होतं ते.

उतारा मॅडमनी स्वतः लिहिला, शिक्का मारला. आजोबांचं नाव, जात: कुणबी. कारणाचा रकाना उताऱ्यात येतो. तो त्यांनी तसाच उतरवला. मग म्हणाल्या, “अभ्यागत वहीत नोंद करा दादा. तपासणीला लागते.”

वही उघडली. नाव, मुक्काम, येण्याचं कारण, सही. वरच्या ओळी वाचल्या. मुक्काम नालासोपारा, कारण उतारा. विरार, उतारा. बदलापूर, दाखल्याची दुय्यम प्रत. विरार, उतारा. दिवा, उतारा. २०२३ च्या हिवाळ्यात तर सलग सात ओळी सरकारी माणसांच्या, जुन्या कुणबी नोंदी शोधायला आलेल्यांच्या. त्यानंतर पुन्हा नालासोपारा. कल्याण. कधीकाळी इथून खारीज झालेली माणसं, किंवा त्यांची मुलं-नातवंडं, आपलं नाव इथे होतं याचा कागद न्यायला आलेली.

शेवटची नोंद नोव्हेंबरातली. निळ्या पेनाने, जपून काढलेली अक्षरं. मुक्काम: आंबा बाग, सडा. त्याच्यापुढे कंसात ‘नेपाल’. कारण: छोराचे नाव घालणे. छोरा शब्द खोडून कुणीतरी वर ‘मुलाचे’ केलं होतं, बहुतेक मॅडमनी.

त्याच्या खालच्या ओळीत मी लिहिलं: दिवा. उतारा.